बाटलेला दगड

फोन वाजला तेव्हा सार्जंट ऊना गॅलब्रेथ तव्यावरचं अंडं उलटत होती. रविवार होता, सुट्टी होती, आणि तिचा डावा गुडघासुद्धा कधी नव्हे तो गप्प होता. एवढं सुख आर्डव्हेगमध्ये कुणाला फार वेळ भोगू देत नाहीत.

"सार्जंटबाई, रोना गेली."

आवाज ॲलिस्टर बॉइडचा. गावच्या मुलींच्या कर्लिंग संघाचा कोच.

"गेली म्हणजे?"

"बिछान्यात नाही. तिचे खेळायचे बूट मारेडच्या दारात सापडले. शेजारी शेजारी, नीट ठेवलेले. लोक गळ घेऊन तळ्याकडे निघालेत."

ऊनाने गॅस बंद केला. अंडं तसंच राहिलं.

आर्डव्हेगबद्दल बाहेर बऱ्याच कंड्या आहेत. इथे वारा असा सुटतो की कोंबडी अंडं या गावात घालते आणि ते फुटतं पलीकडच्या गावात, असं म्हणतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. अंडं वेशीवरच फुटतं. पण एक गोष्ट मात्र अक्षरशः खरी. इथला माणूस बायकोला फसवेल, मेंढ्या विकताना आधी त्यांना मीठ चाटवून पाणी पाजेल, पाद्र्याला तोंडावर थापा मारेल. पण बर्फावर उभं राहून खोटं बोलणार नाही.

त्याला कारण आहे. कर्लिंगमध्ये चूक पंच पकडत नाही. ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून घसरत निघतो, दोघी त्याच्यापुढचं बर्फ झाडूने घासत धावतात, म्हणजे तो लांब जावा. धावता धावता झाडू दगडाला ओझरता जरी लागला, तर जिचा लागला तिनेच हात वर करायचा, "माझा लागला" म्हणायचं, आणि दगड आपणच थांबवून बाजूला घ्यायचा. दगड बाटला. कुणी पाहिलेलं असो वा नसो.

काल संध्याकाळी रोना मॅक्वारीने असाच हात वर केला होता.

सामना साधा नव्हता. जिंकणारा संघ देशातर्फे खेळणार होता. वर काचेमागे निवड समिती बसली होती. शेवटचा दगड उरला होता आणि तो कप्तान मारेड फिनलेसनच्या हातात होता. तो मधोमध बसला असता तर आर्डव्हेग जिंकलं असतं. मारेडने सोडला. रोना आणि पेगी दोन्ही बाजूंनी झाडू घेऊन धावल्या. दगड निम्म्याहून थोडा पुढे गेला असेल, आणि रोनाचा हात वर गेला. तिने पाय घालून दगड थांबवला.

संपलं.

जिंकलेल्या संघाच्या कप्तानाने रोनाला मिठी मारली. "तुझ्यासारखी खरी मुलगी पाहिली नाही," म्हणाली. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं, ही रीत. तिने रोनाला पेला आणून दिला. रोना तो हातात धरून बसली, प्यायली नाही. आणि कोच बॉइड सगळ्यांच्या देखत, निवड समितीच्या कानावर जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमच्या चौघींची मेहनत जाळलीस तू, पोरी."

त्यानंतर तासाभरात समितीने निरोप दिला: संघ हरला, पण मारेड एकटीला राष्ट्रीय शिबिरात घेतलं आहे. सोमवारी हजर व्हायचं.

*

मारेडच्या घरी ती एकटीच होती. आईबाप तळ्यावर गेले होते. दार उघडायला आली ती बुटांच्या नाड्या लोंबकळत.

"पडशील," ऊना म्हणाली.

"हं." मारेडने खाली पाहिलं, पण वाकली नाही.

रोनाचे बूट टेबलावर होते. एकाचा तळ काचेसारखा गुळगुळीत, घसरण्यासाठी. दुसऱ्याचा रबरी, पकडीसाठी. जुनेच होते, पण त्यांतल्या नाड्या नव्या होत्या. नाड्या कसल्या, पांढरं इलॅस्टिक. बालवाडीतल्या पोरांच्या बुटांना घालतात तसलं.

ऊनाने ते ताणून पाहिलं. सोडलं.

"तुमच्या दोघींच्या पायांचं माप एकच का?"

"हो. का?"

"उगाच. काल तुमचं भांडण झालं?"

"नाही."

"रात्री ती काही बोलली?"

"नाही. म्हणजे... 'झोप नीट' म्हणाली."

"शेवटचा दगड कसा सुटला होता?"

मारेडने लगेच उत्तर दिलं. फार लगेच. "मस्त. अगदी मनासारखा. थोडा कमी पडत होता, म्हणून दोघी जीव तोडून झाडत होत्या. त्या झटापटीत लागला असणार."

"असणार?"

"लागलाच. तिनेच सांगितलं ना."

चुलीवर लोखंडी किटली सूं सूं करत होती. ऊना ती उतरवायला गेली आणि चटका बसून मागे झाली. मूठसुद्धा लोखंडीच होती.

"मी करते," म्हणत मारेडने उजव्या हाताने मूठ धरली, किटली उचलली, दोन पेले भरले आणि किटली परत जागेवर ठेवली. फडकं बाजूलाच टांगलेलं होतं.

ऊनाने चहा अर्धा टाकला. रोनाचे बूट उचलले आणि निघाली.

*

कालचा सामना झाला त्या बर्फघराच्या पायऱ्यांवर पेगी बसली होती. तिच्याजवळ वॉटी उभा होता. बर्फ राखायचं काम त्याचं. हातात यंत्राची किल्ली, डोळे लाल.

"रडलास?" ऊनाने विचारलं.

"दुःखात बुडालो होतो, सार्जंट."

"वासावरून दुःख बारा वर्षं मुरलेलं दिसतंय."

"सामना झाल्यावर बर्फ खरवडायचं असतं. काल नाही जमलं. कशासाठी खरवडू? कुणासाठी?" वॉटीने नाक पुसलं. "आणि आज सकाळपासून बॉइडसाहेब फोनवर फोन. आधी बर्फ खरवड, आधी बर्फ खरवड. शाळेची पोरं येणार म्हणे."

"रविवारी?"

वॉटी थांबला. विचार करायची सवय नसलेल्या माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला. "रविवारी नसते ना शाळा?"

"दे ती किल्ली इकडे."

पेगी उभी राहिली. "ऊना आँटी, इथे काय करताय? तळ्यावर जा ना! ती तिथे..." पुढचं तिला बोलवेना.

"जाते. आधी दोन प्रश्न. काल तिचा झाडू लागलेला तू पाहिलास?"

"नाही. मी पुढे घराकडे बघत होते." घर म्हणजे पलीकडच्या टोकाची ती रंगीत वर्तुळं, जिथे दगड नेऊन बसवायचा. "पण ती म्हणाली ना लागला! मग बघायचं काय त्यात?"

"खूप दमला असाल शेवटी."

"कसल्या दमतोय! बोटं गारठून गेली होती माझी. त्याआधीचा दगड झाडताना घाम निघाला होता, तो अंगावरच वाळला." पेगीने बाहीने डोळे पुसले. "आता गाव काय म्हणतंय ठाऊक आहे? दुकानदार म्हणाला, रोनाला झाडू फक्त अंगणासाठी द्यायचा. काल हाच माणूस तिच्या नावाने टाळ्या पिटत होता."

"तिची आणि मारेडची मैत्री कशी?"

"मैत्री? दासी आहे ती राणीसाहेबांची. बाटलीचं झाकण उघड, जाकिटाची चेन लाव, नाड्या बांध. आम्ही चिडवायचो, आता घास पण भरव म्हणून."

"पहिल्यापासून असंच?"

पेगी जरा थबकली. "नाही. या हिवाळ्यातच."

ऊना आत गेली. दिवे लावले नाहीत. खिशातली विजेरी काढली, दुखरा गुडघा शिव्या घालत असताना बर्फावर टेकवला आणि उजेड अगदी जमिनीलगत सोडला.

खेळाआधी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडतात. ते गोठून बारीक दाणे होतात, आणि दगड त्या दाण्यांवरून चालतो. काल सगळा खेळ मधून आणि उजवीकडून झाला होता. तिथे दाणे घासून घासून सपाट झाले होते आणि आरशासारखे चमकत होते. डाव्या कडेला कुणी फिरकलंच नव्हतं. फक्त मारेडचा शेवटचा दगड, समोर बसलेल्या दगडाचा अडसर टाळण्यासाठी, तिकडून वळवून आणायचा होता.

डावीकडे एकच रेघ दिसली. दगडाच्या कडेएवढी अरुंद. ती निम्म्याहून थोडी पुढे जाऊन तुटली होती. तिच्या दोन्ही बाजूंना, आणि पुढेही, दाणे उभेच्या उभे होते, अंगावर शहारा यावा तसे.

ऊनाने एका बोटाने ते दाणे चाचपले. मग उठली.

"पेगी, रोनाची बॅग आणि झाडू कुठे आहे?"

"कपाट रिकामं आहे. दोन्ही नाहीत."

"मग तळ्यावरच्या लोकांना सांग, घरी जा, सर्दी होईल. बुडायला निघालेलं माणूस बॅग भरत नाही."

*

आर्डव्हेगमधून बाहेर जायचा रस्ता एक आणि बसथांबाही एक. रविवारची बस केव्हाच बंद झाली होती. शाळा बंद होणार, दवाखाना बंद झाला, आता बर्फघराचाही नंबर लागला होता. गाव टिकेल म्हणून जे काही होतं ते या चार मुलींच्या झाडूच्या टोकावर होतं.

रोना थांब्याच्या बाकावर बसली होती. गुडघ्यांमध्ये झाडू, पायांशी बॅग.

ऊना शेजारी बसली. "आज बस नाही."

"माहितीये."

"मग?"

"उद्या सकाळी आहे ना."

ऊना हसली, पण हसू फार टिकलं नाही. पोरीचे ओठ निळे पडले होते. तिने आपला कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला.

"कुठे निघालीस?"

"जिथे बर्फ नसेल तिथे."

"तुझा झाडू लागला नव्हता, रोना."

"लागला."

"बर्फ बघून आलेय मी."

"मी बर्फावर सांगितलं. लागला." ती शांतपणे म्हणाली, जणू प्रार्थना म्हणत होती. "आता ते बदलत नाही."

"लोक तुला तळ्यात शोधतायत."

त्यावर मात्र तिने मान वर केली. "का? मी तर बूट तिला दिले."

"गावाला वाटलं ती तुझी शेवटची आठवण."

"गावाला काहीही वाटतं," रोना म्हणाली. "चला. आईला सांगायला हवं."

*

बर्फघराच्या वरच्या खोलीत सगळे जमले. कोच बॉइड, मारेड, पेगी, वॉटी, आणि कालच्या सामन्याच्या पंच, म्हाताऱ्या मिसेस ओगिल्वी. आईला भेटून आलेली रोना दारातच उभी राहिली. पेगीने तिला आधी मिठी मारली, मग दोन गुद्दे घातले.

बॉइडने सगळ्यांना पेल्यांतून गरम सूप दिलं. मारेडला देताना हळूच म्हणाला, "डाव्या हातात धर."

"पोरगी सापडली, देवाची कृपा," तो ऊनाकडे वळला. "आता घरी जाऊ द्या सगळ्यांना. गुन्हा काहीच नाही इथे."

"चोरी आहे," ऊना म्हणाली.

"कशाची?"

"सांगते. बसा." तिने रोनाचे बूट टेबलावर ठेवले. "पहिली गोष्ट, हे. गाव म्हणालं, निरोप. मी नाड्या पाहिल्या. इलॅस्टिक. म्हणजे बूट बांधावे लागत नाहीत, पाय घातला की झालं. ज्या माणसाला नाडी बांधता येत नाही, त्याच्यासाठी केलेली सोय. आणि ती करणारी स्वतः उद्यापासून नाड्या बांधायला जवळ नसणार."

मारेडने पाय खुर्चीखाली घेतले. नाड्या अजून लोंबतच होत्या.

"मारेड, उजवा हात दाखव."

"कशाला?"

"दाखव, बाळ."

तिने दाखवला नाही. ऊनाने अलगद मनगट धरून तळवा वर केला. तळव्यावर आडवा, लांब फोड आला होता. पाणी धरलेला.

पेगी किंचाळली. मारेड त्या फोडाकडे बघत राहिली, दुसऱ्याच कुणाचा तळवा असावा तशी.

"सकाळी किटलीने भाजलीस. तुला कळलंसुद्धा नाही. किती दिवस हात बधिर आहे?"

मारेडने हात ओढून मांडीवर घेतला.

"हिवाळ्यापासून," पेगी पुटपुटली. "झाकण... चेन..."

"कर्लिंगमध्ये सगळा खेळ बोटांचा. दगडाला किती जोर द्यायचा ते बोटं सांगतात. तिला बोटंच नव्हती. बाकीचा सामना तिने सवयीवर आणि डोळ्यांवर काढला. शेवटचा दगड मात्र नव्या वाटेने, नाजूक द्यायचा होता. तो कमी पडत नव्हता, मिसेस ओगिल्वी. तो भलताच जोरात सुटला होता. घरातून आरपार, मागच्या भिंतीवर गेला असता. निवड समितीच्या डोळ्यांदेखत."

"पुरावा?" बॉइडने विचारलं.

"मारेड म्हणते, दोघी जीव तोडून झाडत होत्या. पेगीची बोटं गारठली होती. जीव तोडून झाडणारीची बोटं गारठत नाहीत. काय गं पेगी, झाडू कुठे होते तुमचे?"

पेगीचं तोंड उघडं राहिलं. "वर. मारेड 'वर, वर' ओरडली होती. मी झाडू उचलून नुसती धावत होते. पण मग रोनाचा..." ती रोनाकडे वळली. "वर धरलेला झाडू लागेल कसा?"

"लागत नाही. खाली बर्फावर त्या वाटेला दगडाची एक बारीक रेघ आहे. झाडू एकदा जरी फिरला असता तरी हातभर रुंद चमकता पट्टा उठला असता. तिथे एक दाणा मोडलेला नाही. धावणाऱ्या मुलीला दगडाचा वेग कळतो. रोनाला कळलं, दगड गेला, सामना गेला. त्याबरोबर मारेडही जाणार. म्हणून तिने घरासमोरची पलीकडची रेषा यायच्या आत हात वर केला. रेषेपलीकडे बाटलेला दगड आपण थांबवू शकत नाही. तो कुठवर जातो ते सगळ्यांना दिसलं असतं. अलीकडे थांबवला. दगड कसा सुटला होता, ते कुणाला कळायचा प्रश्नच उरला नाही. आणि तिच्यावर शंका कोण घेणार? आपण खोटं पकडायला बसलेली माणसं. आपली चूक खोटी कबूल करणारं कुणी असेल हे आपल्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नाही."

सूप गार होत होतं.

"हे रोनाने एकटीने केलं. फुकट दिलं तिने. चोरी त्यानंतरची, तिच्या नावाची. ॲलिस्टर, तू जिन्याखालच्या बाकावर बसतोस. तिथून झाडू वर होते ते दिसतं. तरी तू तिला चारचौघांत फाडलंस, वर ऐकू जाईल असं. ती रेघ पुसायला आज रविवारी बर्फ खरवडायची घाई केलीस. आणि आत्ता पेला देताना म्हणालास, डाव्या हातात धर. तुला हाताचं ठाऊक आहे. डॉक्टर काय म्हणाले होते?"

बॉइड खिडकीकडे गेला.

"खेळ थांबवा म्हणाले," तो पाठमोराच म्हणाला. "कोपरातली नस. सराव थांबवला असता तर बोटांची जाणीव कदाचित परत आली असती. पण हा हिवाळा गेला असता तर हे बर्फघर गेलं असतं, सार्जंट. या गावातून एक पोरगी तरी वर गेली पाहिजे होती. एक तरी."

"आणि उद्या शिबिरात पहिल्या दिवशी डॉक्टर तिच्या बोटांना टाचणी टोचतील. मग?"

तेव्हा रोनाचा चेहरा बदलला. टाचणीचं तिला सुचलंच नव्हतं. आपण दिलं ते चोवीस तासही टिकणार नाही, हे तिला तिथे, दारात उभ्या उभ्या कळलं.

मिसेस ओगिल्वींनी चष्मा काढून पुसला. "ऊना, तू म्हणतेस ते खरं असेल. पण या खेळात खेळाडूचा शब्द शेवटचा. आज रोनाचा शब्द खोटा धरला, तर उद्या कुणाचा खरा धरायचा? ती स्वतः म्हणेल तर मी नोंद बदलेन." त्या रोनाकडे वळल्या. "बाळ, लागला होता का?"

"लागला," रोना म्हणाली.

"वेडी आहेस का?" पेगी ओरडली. "आता काय उरलंय वाचवायला?"

"लागला."

राहिली एकच. ऊना मारेडसमोर वाकून बसली, गुडघ्याची पर्वा न करता. "तू 'वर' ओरडलीस. तुझ्या एका शब्दाने या पोरीला गावात मान वर करून चालता येईल. उद्या तुझं काहीही होवो. झाडू वर होते की खाली?"

मारेडने ओठ चावले. तळव्यावरच्या फोडाकडे पाहिलं. उद्या सोमवार होता. सोमवार अजून आला नव्हता.

"मला दिसलं नाही," ती म्हणाली.

मिसेस ओगिल्वींनी चष्मा घातला. ऊनाने खिशातली किल्ली काढून वॉटीकडे दिली. सुट्टीच्या दिवशी त्याचं बर्फ अडवून ठेवायला तिच्याकडे कुठलाच कायदा नव्हता.

मारेड जायला उठली. दुसऱ्याच पावलाला नाडी पायाखाली आली आणि ती धडपडली.

रोना दारातून पुढे आली, तिच्यासमोर खाली बसली आणि तिच्या नाड्या बांधल्या. आधी उजवी, मग डावी. दुहेरी गाठ मारून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

खाली यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. वॉटीने डावी कड आधी घेतली होती.